भुतं पकडणारी कर्जबाजारी कंपनी: ‘युगेन काइशा’ आणि व्हिडिओ कॅसेटचा जमाना

हेडफोन लावलेत ना? मग टोकियोला जाऊया. साल 1994. रात्रीची वेळ, एक बार. हातात माइक घेऊन एक तरुणी मनापासून कराओके गातेय. घेतलेली आहे हे दिसतंय, पण सूर काही सोडत नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावर उशिरा पोहोचणार हे आपल्याला आत्ताच कळलेलं असतं. ऑफिसही तिचंच, कंपनीही तिचीच. कंपनीचं काम काय? भुतं पकडणं. आणि कंपनीची अवस्था काय? गळ्यापर्यंत कर्ज.

हिचं नाव अयाका किसारागी. घर आणि हिशोब सांभाळायला मामोरू नावाचा एक सालस पोरगा आहे. तो बिलं मोजतो, कपाळाला हात लावतो आणि मॅडमना उठवतो. पोलिसांतला एक डिटेक्टिव्ह, कारिनो, अधूनमधून दारात येतो, कारण काही केसेस अशा असतात की त्या नेहमीच्या खात्यात बसत नाहीत. आरोपी माणूसच नसेल तर पंचनामा कसला करणार?

ही सिरीज म्हणजे ‘युगेन काइशा’. जपानबाहेर ती ‘फँटम क्वेस्ट कॉर्प’ या नावाने गेली. मॅडहाउस स्टुडिओने बनवलेली, पायोनियर एलडीसीने बाजारात आणलेली, 1994-95 मधली. एकूण भाग फक्त चार. मी ती पहिल्यांदा फोनवर पाहिली ती एका रात्रीत, आणि चौथा भाग संपल्यावर बराच वेळ पाचवा शोधत बसलो. पाचवा नाहीच.

आता तुम्ही म्हणाल, भुताची कॉमेडी ठीक आहे, पण इतिहासाच्या पॉडकास्टवर ती काय करतेय? सांगतो. ही सिरीज टीव्हीसाठी बनली नव्हती, थिएटरसाठीही नव्हती. ती थेट कॅसेट आणि डिस्कवर आली, लोकांनी घरी लावून बघावी म्हणून. या प्रकाराला जपानमध्ये ‘ओरिजिनल व्हिडिओ अ‍ॅनिमेशन’ म्हणतात, थोडक्यात ओव्हीए. साधारण बारा-पंधरा वर्षं हा प्रकार जोरात चालला आणि मग मागे पडला. का चालला आणि का मागे पडला, हा आजचा विषय. त्यात एक प्रश्न लपलेला आहे, तो शेवटी विचारतो.

पाटीवरचा विनोद

आधी नाव समजून घेऊ, कारण अर्धी गंमत तिथेच आहे.

जपानी भाषेत ‘युगेन काइशा’ म्हणजे मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी. 1938 च्या कायद्याने हा प्रकार सुरू झाला, जर्मन कायद्याच्या धर्तीवर. मोठ्या शेअर कंपनीचा डोलारा ज्यांना परवडत नाही अशा दुकानदारांसाठी, कारखानदारांसाठी, कुटुंबाच्या धंद्यासाठी ही सोय. भागीदार जास्तीत जास्त 50. आपल्या सोसायटीच्या पाटीवर शेवटी ‘मर्यादित’ लिहिलेलं असतं ना, त्याच जातीचा हा शब्द. अर्थ एवढाच की धंदा बुडाला तर मालकाचं नुकसान त्याने घातलेल्या भांडवलापुरतं.

सिरीजच्या नावात उच्चार तोच ठेवलाय, पण लिहिताना चित्रलिपीतली अक्षरं बदललीत. ‘मर्यादित’च्या जागी एक अक्षर भुताच्या शब्दातलं आणि एक भासाचं. ‘काइशा’मधल्या ‘काइ’ला विचित्र, अमानवी असा अर्थ असलेलं अक्षर, तेच जे ‘योकाई’ या शब्दात येतं. शेवटचं ‘शा’ मात्र तसंच. आणि त्या ‘शा’चा एक जुना अर्थ देवस्थान असाही आहे. म्हणजे ऐकायला ‘अमुक तमुक लिमिटेड’ आणि वाचायला ‘भूत-भास-विचित्र-कंपनी’. आपल्याकडे ‘प्रा. लि.’चं ‘प्रे. लि.’ करून ‘प्रेत लिमिटेड’ अशी पाटी लावली असती तर जो विनोद झाला असता, तसला.

हा विनोद लक्षात ठेवा. कारण सिरीजमध्ये भुतं जितकी आहेत, तितकीच ‘लिमिटेड’ची काळजी आहे. पहिल्याच भागात व्हॅम्पायरची भानगड आहे, पण अयाकाची खरी डोकेदुखी काय? बिलं.

कार्टूनचे पैसे कोण देतं?

आता थोडं मागे जाऊ. 1963 च्या जानेवारीत ओसामू तेझुकांचं ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ जपानी टीव्हीवर सुरू झालं. दर आठवड्याला अर्धा तास अ‍ॅनिमेशन, हे तेव्हा वेडं धाडस होतं. चॅनेलकडून मिळणाऱ्या पैशात खर्च भागत नव्हता. मग आधार कोणाचा? प्रायोजकाचा. ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ची प्रायोजक होती मेइजी ही चॉकलेट कंपनी, आणि चॉकलेटबरोबर मिळणाऱ्या स्टिकर्सनी पोरांना वेड लावलं होतं. पुढे हीच रीत पडली. कार्टून बघणारा मूल, पैसे देणारा खेळणी नाहीतर खाऊ विकणारा.

या रीतीचा तोटा 1979 मध्ये उघडा पडला. ‘मोबाइल सूट गंडम’ ही मालिका त्या वर्षी सुरू झाली. युद्धाची, गुंतागुंतीची, जरा मोठ्या मुलांची गोष्ट. बघणारे कमी, प्रायोजकाची खेळणी अपेक्षेइतकी खपेनात. 52 भागांची ठरलेली मालिका 43 भागांत गुंडाळली गेली. मजा पुढे आहे. पुनःप्रसारण झालं, 1980 मध्ये बंडाई कंपनीने गंडमची प्लॅस्टिकची मॉडेल्स काढली आणि ती इतकी खपली की दुकानांसमोर रांगा लागल्या. रांगेत कोण होतं? खेळणं मागणारं लहान मूल तर होतंच, पण खिशात स्वतःचे पैसे असलेले विद्यार्थीही होते.

म्हणजे एक नवा प्रेक्षक तयार झाला होता. वय वाढलेला, वेड टिकलेलं. फक्त त्याच्यापर्यंत थेट पोहोचायचा रस्ता नव्हता.

रस्ता घरात येऊन बसला होता. सोनीचं बीटामॅक्स 1975 मध्ये आलं, जेव्हीसीचं व्हीएचएस 1976 मध्ये. पायोनियरने 1981 मध्ये जपानात लेझरडिस्क आणली, जेवणाच्या ताटाएवढी चकचकीत तबकडी. 1983 मध्ये ओसाकाजवळच्या हिराकातामध्ये त्सुताया नावाचं भाड्याने देणारं दुकान उघडलं, पुढे त्याची देशभर साखळी झाली. आणि त्याच 1983 च्या डिसेंबरात बंडाईने ‘डॅलोस’ बाजारात आणलं. चंद्रावरच्या वसाहतीतल्या बंडाची गोष्ट, स्टुडिओ पिएरो, दिग्दर्शनात मामोरू ओशी. हेच जगातलं पहिलं ओव्हीए मानलं जातं.

यात गणित काय बदललं बघा. टीव्हीवर लाखो लोकांनी बघितलं तरी ‘रेटिंग कमी’ म्हणून मालिका बंद होऊ शकते. कॅसेटचं तसं नाही. समजा एका कॅसेटची किंमत 8,000 येन आणि विकल्या गेल्या फक्त 5,000. झाले 4 कोटी येन. दुकानदाराचा वाटा, छपाई, जाहिरात सगळं वजा करा, तरी अर्ध्या तासाच्या अ‍ॅनिमेशनचा काहीतरी मेळ बसू शकतो. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण गोष्टीचं मर्म हेच. पाच हजार माणसं, जी खरोखर पैसे मोजतील, ती पुरेशी. सगळ्या देशाला आवडायची गरज नाही. खेळणं विकलं जाईल का, हा प्रश्नच नाही.

आणि मग दार उघडलं. 1985 मध्ये ‘मेगाझोन 23’. 1987 पासून ‘बबलगम क्रायसिस’. 1988 मध्ये ‘गनबस्टर’. त्याच वर्षी ‘पॅटलेबर’ने वेगळी युक्ती केली: किंमत उतरवून 4,800 येन ठेवली, त्यासाठी कॅसेटमध्ये जाहिरातही घेतली. लोकांनी उचलून धरलं.

फुगा आणि भुतं

ओव्हीएचा हा बहर जपानच्या एका दुसऱ्या बहराबरोबरच आला. 1985 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलमध्ये पाच देशांचा करार झाला आणि येन झपाट्याने महाग व्हायला लागला. निर्यात मार खाणार म्हणून बँक ऑफ जपानने व्याजदर उतरवत नेला, 1987 च्या फेब्रुवारीत तो 2.5 टक्क्यांवर होता. स्वस्त कर्ज मिळायला लागलं की माणसं काय करतात? जमीन घेतात, शेअर घेतात. 29 डिसेंबर 1989 ला निक्केई निर्देशांक 38,915 वर बंद झाला. त्यानंतर उतरणीला लागला. 1990 च्या ऑगस्टपर्यंत व्याजदर 6 टक्क्यांवर गेला होता, आणि 1992 च्या ऑगस्टमध्ये निक्केई 15,000 च्याही खाली. तो 1989 चा उच्चांक पुन्हा ओलांडला कधी, माहितीये? 2024 च्या फेब्रुवारीत. चौतीस वर्षांनी. तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

आता अयाकाकडे परत या. ती 1994 मध्ये आलीय, फुगा फुटल्यानंतर. सवयी मात्र फुगा असतानाच्या: चांगले कपडे, बार, उधळपट्टी. हातात येणारा पैसा मात्र आता मंदीतला. तिच्याकडे पगारी फौज नाही. कोणी आगीवर ताबा असलेली मुलगी, कोणी मंत्रतंत्र जाणणारा, कोणी भविष्य सांगणारा, असे लोक ती कामापुरते बोलावते. आजच्या भाषेत फ्रीलान्सर. कामं कशी मिळतात? मोठ्या संस्थांना जी जमत नाहीत ती. हे बघताना मला राहून राहून वाटतं की ही भुताची गोष्ट कमी आणि छोट्या स्टुडिओची जास्त आहे. मोठा बॅनर जे घेणार नाही ते काम घ्यायचं, बाहेरची माणसं जमवायची, मुदत पाळताना दमछाक आणि शेवटी हिशोब लागता लागत नाही. बनवणाऱ्यांच्या मनात हेच होतं असं मी म्हणत नाही. पण ज्या बाजारात ते उभे होते, त्याची सावली गोष्टीवर पडलीय असं मला दिसतं.

भुतांचा धंदा ही कल्पना त्यांची एकट्याची नव्हतीच. 1984 च्या ‘घोस्टबस्टर्स’ या अमेरिकन सिनेमाने भूत पकडणाऱ्यांना ऑफिस, गाडी आणि बिलबुक देऊन टाकलं होतं. जपानमध्ये ताकाशी शिइना यांचं ‘घोस्ट स्वीपर मिकामी’ हे मंगा 1991 पासून येत होतं. त्यातली मिकामी अशी लोभी की पैशापुढे भूतही घाबरावं. त्याची टीव्ही मालिका 1993-94 मध्ये आली. मॅडहाउसने स्वतः 1990 मध्ये ‘डेव्हिल हंटर योको’ हे ओव्हीए सुरू केलं होतं. योको सोळा वर्षांची, राक्षस मारणाऱ्या घराण्याच्या 108 व्या पिढीतली. तिच्याकडे वारसा आहे, आजी आहे, घराण्याचं नाव आहे. अयाकाकडे काय आहे? ऑफिसचं भाडं.

मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. जुन्या भूतकथांमध्ये भूत उतरवणारा म्हणजे पुजारी, मांत्रिक, कोणीतरी अधिकारी पुरुष. इथे अधिकार गेला आणि व्यवसाय आला. आधी दर ठरवायचा, मग राक्षस. कॉमेडी तिथूनच निघते.

कराओकेचंही तसंच. अयाका सुरुवातीला कराओके गाते ते नुसतं मजेसाठी असेलही. पण सिरीज आणणारी कंपनी पायोनियर. याच पायोनियरने 1982 मध्ये लेझरडिस्कवरचा कराओके बाजारात आणला होता, आणि बारमधून ती तबकडी गाजली. म्हणजे सिरीजची नायिका ज्या गोष्टीत रमते आणि तिचे मालक ज्या गोष्टीवर कमावतात, त्या एकाच डिस्कवर फिरत होत्या.

सगळं गोड नव्हतं

ओव्हीएच्या आठवणीत रमणारे लोक एक गोष्ट सोयीस्कर विसरतात. हा बाजार छोट्या गटाच्या खिशावर चालायचा, त्यामुळे त्या गटाच्या आवडी नको तितक्या जपल्या गेल्या. तो गट बहुतेक तरुण पुरुषांचा. म्हणून खूपशा ओव्हीएंमध्ये बायकांचे कपडे कारण नसताना फाटतात आणि रक्ताचे पाट वाहतात. टीव्हीवर चाललं नसतं ते इथे चाललं, याला दोन्ही बाजू आहेत. अयाका स्वतःचा धंदा चालवणारी, चुका करणारी मोठी बाई आहे, हे या स्वातंत्र्याचं फळ. आणि कॅमेरा तिच्याकडे कधीकधी ज्या नजरेने बघतो, तेही त्याच स्वातंत्र्याचं फळ. दोन्ही एकाच झाडाचं आहे हे मान्य करून मगच कौतुक करावं.

दुसरं, पैसे. अर्ध्या तासाला हजारो येन म्हणजे सामान्य विद्यार्थ्याला विकत घेणं अवघडच. तो भाड्याच्या दुकानात जायचा. आपल्याकडेही तेव्हा टीव्ही-व्हीसीआर रात्रभरासाठी भाड्याने आणून चाळीत तीन-तीन पिक्चर बघायची पद्धत होती, घरातल्या मोठ्यांना विचारा, सांगतील. पण आपल्याकडे त्या कॅसेटमध्ये थिएटरला लागलेला सिनेमाच असायचा. जपानमध्ये भाड्याची कॅसेटही अशी होती की तिच्यातली गोष्ट केवळ कॅसेटसाठी जन्माला आलेली. हा फरक मोठा आहे.

दार कसं बंद झालं

1995 च्या ऑक्टोबरात टीव्ही टोकियोवर ‘इव्हॅन्जेलियन’ सुरू झालं. 26 भाग, आणि विषय असा गुंतागुंतीचा की वाटावं हे ओव्हीएच व्हायला हवं होतं. पण ते टीव्हीवर आलं, गाजलं, मध्यरात्रीच्या पुनःप्रसारणालाही लोक जागले, आणि मग कॅसेट-डिस्क धो धो विकल्या गेल्या. धंदेवाल्यांनी धडा घेतला: मध्यरात्रीची वेळ घ्या, मालिका टीव्हीवर दाखवा, तीच तुमची जाहिरात, आणि डिस्क नंतर विका. अनेक कंपन्यांनी मिळून पैसे घालायचे आणि जोखीम वाटून घ्यायची, ही समितीची पद्धत पक्की झाली. 1996 मध्ये डीव्हीडी आली. चार भागांच्या, थेट घरी येणाऱ्या गोष्टींची जागा आकसत गेली. ओव्हीए हा शब्द आजही आहे, पण बहुतेक वेळा मंगाच्या पुस्तकाबरोबर किंवा डिस्कबरोबर मिळणाऱ्या जादा भागासाठी.

गंमत बघा, याच कॅसेटी परदेशात दार उघडत होत्या. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एडीव्ही फिल्म्सने 1992 मध्ये धंदा सुरू केला तो ‘डेव्हिल हंटर योको’ने. कमी भाग, म्हणजे हक्क घ्यायला सोपे, भाषांतराला सोपे. पायोनियरनेही आपली सिरीज तिकडे नेली. पुढे तिचं नाव जेनिऑन झालं, आणि 2007 मध्ये जेनिऑनच्या अमेरिकन शाखेने वितरण थांबवलं.

आणि ‘युगेन काइशा’, म्हणजे कायद्यातली, खरी? 2006 च्या मे महिन्यात जपानचा नवा कंपनी कायदा लागू झाला आणि तो प्रकारच रद्द झाला. नवी युगेन काइशा आता काढता येत नाही. पण ज्या आधीपासून होत्या त्यांना नाव ठेवायची मुभा मिळाली. त्यामुळे आजही जपानमध्ये जुन्या दुकानांवर ती पाटी दिसते. कायद्याने संपलेली, तरी गल्लीत वावरणारी. अयाकाला बोलवावं की काय?

तर प्रश्न असा

चॉकलेटवाल्याने पैसे दिले तेव्हा एका प्रकारच्या गोष्टी झाल्या. पाच हजार वेड्यांनी खिशातून दिले तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या. आज महिन्याचं सबस्क्रिप्शन आहे, जाहिराती आहेत, आणि खरं बोलायचं तर बरेच जण कुठल्यातरी फुकट साइटवर बघतात. मी स्वतः कॉलेजात असताना तेच केलंय, त्यामुळे शहाणपणा शिकवायचा अधिकार मला नाही. पण त्या रात्री पाचवा भाग शोधताना मनात आलं की त्या कॅसेटसाठी कोणीतरी, कुठल्यातरी गावात, आठवडाभर पैसे साठवले असतील. त्याने ते साठवले म्हणून तीस वर्षांनी मला चार भाग तरी मिळाले.

मग आज आपण बघतोय त्यातलं काय तीस वर्षांनी कोणाला सापडेल, आणि त्यासाठी आत्ता पैसे कोण देतंय? गोष्ट भुतांची असो, छोट्या मराठी यूट्यूब चॅनेलची असो, नाहीतर तुमच्या मित्राच्या शॉर्ट फिल्मची. अशी एक गोष्ट आठवा, जी फक्त पाच हजार लोकांना आवडेल, पण जीव तोडून आवडेल. आणि तिच्यासाठी तुम्ही किती मोजाल, तो आकडा मनात धरा. माझा मी धरलाय, सांगणार नाही, कमी वाटेल.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत बिलं वेळेवर भरा. अयाकासारखं करू नका.